फलाट क्रमांक सात

दीड वर्षाची असताना आमची माऊ माझं मनगट धरून मला फ्रीजपाशी न्यायची. बोट धरायची नाही, मनगटच. तिथं पोचलं की माझा पंजा उचलून फ्रीजच्या मुठीवर ठेवायची आणि वाट बघत उभी राहायची. दार उघडलं की पुन्हा माझा हात उचलून दुधाच्या पातेल्यावर. या सगळ्यात ती एकदाही माझ्या तोंडाकडे बघायची नाही. मी मात्र हरखून जायचो. बापाशिवाय पोरीचं पान हलत नाही, असं ज्याला त्याला सांगायचो. त्याचा व्हिडिओ काढून शाळेत स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवला होता.

माऊ हे तिचं घरातलं नाव. खरं नाव इथे लिहीत नाही. तिची गोष्ट कुणाला सांगायची आणि कुणाला नाही, हे मोठी झाल्यावर तिनं ठरवावं. मी माझ्या वाट्याचं तेवढं लिहितो आहे, म्हणजे माझ्या चुका.

मी साताऱ्यात एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. वीसेक वर्षं पालकसभांमधून पालकांना मुलांबद्दल चार गोष्टी सांगत आलो. त्यामुळे मुलं मला कळतात, असं मी धरून चाललो होतो. पहिली चूक तीच, आणि बाकीच्या बऱ्याचशा तिच्या पोटातून निघाल्या.

साधारण वर्षाच्या आसपास मूल बोटानं दाखवायला लागतं. आधी हवं असतं म्हणून दाखवतं. मग काही महिन्यांत नुसतंच दाखवतं: खिडकीवर कावळा बसला की बोट करतं आणि वळून आपल्याकडे बघतं, आपल्यालाही दिसला ना म्हणून. मूल, कावळा आणि आपण, असे तिघं त्या एका क्षणात बांधले जातो. बोलण्याचं मूळ तिथं असतं. माऊनं कधीच बोट केलं नाही. माझी आई तिला कडेवर घेऊन गच्चीत चांदोबा दाखवायची, तेव्हा माऊ आईच्या मनगटातल्या बांगडीकडे बघत राहायची. बोट करता येत नव्हतं म्हणून ती माझ्या हाताचं बोट करत होती. एवढी मोठी गोष्ट माझ्या हाताला धरून ती रोज सांगत होती आणि मी तिचा व्हिडिओ काढत होतो.

पत्नीला आधीच जाणवलं होतं. "अहो, हाक मारली तर ही वळत नाही हो," असं ती मला माऊच्या पहिल्या वाढदिवसानंतर म्हणाली होती. मी म्हटलं, कोरोनातलं मूल आहे, माणसंच कुठं बघितलीत तिनं. २०२१च्या जानेवारीत जन्मलेल्या पोरीसाठी हे उत्तर तेव्हा घरोघरी तयार होतं. शिवाय माऊ शांत होती, हट्ट नाही, मागणं नाही. नातेवाईक म्हणायचे, किती गुणाची पोर. मलाही ते खरं वाटायचं. मागायचं कसं हे तिला कळत नसेल, असं कधी मनातसुद्धा आलं नाही. मुलग्यांमध्ये स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं, निदान मुलींच्या तीन-चारपट होतं. त्यातल्या काही मुली गुणी, लाजाळू म्हणून नजरेतून निसटतात, हे मी नंतर वाचलं.

वीस महिन्यांची असताना अंगणवाडीच्या ताई घरी आल्या. वजनाच्या वेळी त्यांनी माऊला पाहिलं होतं. दारातच उभ्या राहून फार जपून म्हणाल्या, "सर, रागावू नका. बाळ हाकेला वळत नाही. बाकीच्या पोरांकडंबी बघत नाही. पुढच्या आठवड्यात तपासणीची गाडी येणारंय, तेव्हा एकदा आणा." राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. विकासातला विलंब लवकर पकडणं हे त्याच्या कामातलं एक काम. मी ताईंना चहा घ्या म्हटलं नाही. "तुमच्या रजिस्टरमध्ये बसत नाही म्हणून मूल बिघडत नाही," असं काहीतरी बोललो. तपासणीच्या दिवशी मुद्दाम माऊला घेऊन आत्याकडे कराडला गेलो. स्वमग्नतेच्या प्राथमिक चाळणीसाठी जगभर वापरली जाणारी वीस प्रश्नांची एक यादी आहे, ती सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठीच असते. ताई अगदी वेळेवर आल्या होत्या. त्यानंतर निदानापर्यंत मी सोळा महिने घालवले.

मधे एकदा बेरा टेस्ट केली. मूल झोपलेलं असताना कानात आवाज सोडून मेंदूपर्यंतची वाट तपासतात. कान उत्तम निघाले. मी पेढे आणले. ऐकू येतं म्हणजे प्रश्न मिटला, असा निष्कर्ष मी काढला. वर्गात एखाद्या मुलानं एवढ्या पुराव्यावर एवढं मोठं अनुमान काढलं असतं, तर मी त्याला फळ्यापाशी बोलावलं असतं. खरं तर प्रश्न तिथं सुरू होत होता. स्वतःच्या नावाला न वळणारी ही मुलगी, आईनं ओट्यावर कुकर ठेवला की शिटी व्हायच्या कितीतरी आधी कानांवर हात ठेवून बाहेरच्या खोलीत पळायची. तिला सगळं ऐकू येत होतं. बहुधा आमच्यापेक्षा जास्तच.

माऊ तीन वर्षांची झाल्यावर, २०२४च्या जानेवारीत, आम्ही पुण्याला बालविकासतज्ज्ञांकडे गेलो. तिथं चाळीस मुद्द्यांची एक मोजपट्टी भरतात. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं ती भारतीय मुलांसाठी बनवली आणि २००९ पासून ती वापरात आहे. दर मुद्द्याला एक ते पाच गुण. वागणं जितक्या वेळा दिसतं तितके गुण जास्त. बेरीज सत्तरच्या आत आली तर स्वमग्नता नाही. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. डॉक्टर मुलाचं निरीक्षण करतात आणि पालकांना विचारतात. मी उत्तरं देत होतो आणि खोटी देत होतो. नजरेला नजर देते? देते की. इतर मुलांत खेळते? खेळते. पत्नी मान खाली घालून बसली होती. शेवटी डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "आता आईंना बोलू दे." मग ती बोलली, अर्धा तास. मला ठाऊक नसलेल्या कितीतरी गोष्टी त्यात होत्या.

बेरीज आली एकशे अकरा.

डॉक्टर पुढं बराच वेळ समजावत होत्या. हा आजार नाही. मेंदूची घडण जन्मापासून वेगळी आहे. ती कुणामुळे बिघडलेली नाही. शिकायला, बोलायला, खेळायला मदत लागेल आणि ती मदत आतापासून द्यायची. मला त्यातलं काहीच ऐकू आलं नाही. मी मनात वजाबाकी करत होतो: एकशे सहापासून आपण पाच गुणांवर आहोत. पाच गुण कमी केले की सौम्य. मी दोनच प्रश्न विचारले. किती दिवसांत बरी होईल? आणि पहिलीत जाईपर्यंत कुणाला कळणार नाही ना?

येताना खंबाटकी घाट चढत असताना मी पत्नीला म्हणालो, तू पतसंस्थेत नोकरीला जातेस, पोर दिवसभर टीव्हीपुढे असते, असंच होणार. ती बराच वेळ काही बोलली नाही. वेळे गाव मागे पडल्यावर म्हणाली, "अंगणवाडीच्या ताई आल्या होत्या तेव्हा मी आतच होते. मी ऐकलंय सगळं." तेवढंच. त्यानंतर आजपर्यंत तिनं तो विषय काढलेला नाही.

त्या दिवशी मी जे बोललो, ते माझ्या आधी मोठमोठ्या माणसांनी जाड पुस्तकांत लिहून ठेवलं होतं. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं असं मानत. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि हजारो आया त्या दोषाखाली दबून गेल्या. त्याच्या तीन वर्षं आधी बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञानं याचं मूळ शरीरात आहे असं मांडलं होतं. तो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता. १९७७ साली सुझन फोल्स्टाइन आणि मायकल रटर यांनी एकवीस जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास छापला आणि आनुवंशिकतेचा वाटा स्पष्ट दिसू लागला. मी हे सगळं वाचलं, पण घाटात बोलून गेल्यावर कितीतरी महिन्यांनी. रिमलंडबद्दल वाचताना मान खाली गेली. तोही बापच, पण त्यानं घरातल्या माणसाला आरोपी करण्याऐवजी अभ्यास केला होता.

लसीचंही तेच. गोवराच्या लसीमुळे असं होतं, असा एक व्हिडिओ मला कुणीतरी पाठवला आणि माऊचा पुढचा डोस मी अडवून धरला. तो दावा १९९८ साली बारा मुलांवरच्या एका लेखातून सुरू झाला. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं तो लेख २०१० मध्ये मागे घेतला आणि त्याच वर्षी तो लिहिणाऱ्या डॉक्टरचं नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढलं गेलं. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी मला हे शांतपणे समजावलं. डोस सात महिने उशिरा झाला.

स्वमग्न हा शब्द त्या काळात माझ्या डोक्यात रुतून बसला होता. आपल्या भाषेत मग्न हा सुंदर शब्द आहे. माणूस भजनात मग्न असतो, वाचनात मग्न असतो. त्याला स्व लागला की मात्र आतून कडी लावल्यासारखं वाटतं. मला वाटायचं, ही स्वतःत बुडालेली आहे, हिला आम्ही नकोच आहोत. मूळ ऑटिझम हा शब्दही ग्रीकमधल्या स्व या अर्थाच्या शब्दावरूनच आलेला. तो घडवला ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञानं, स्किझोफ्रेनियाच्या मोठ्या माणसांबद्दल लिहिताना. लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञानं १९४३ साली बाल्टिमोरमध्ये अकरा मुलांचं वर्णन केलं तेव्हा तो उसना घेतला. म्हणजे हे नाव मुळात या मुलांसाठी बनलेलंच नाही. दुसऱ्या घरातून आलेला हा शब्द मी माझ्या मुलीच्या कपाळाला लावला आणि शब्दात जे दिसतं तेच तिच्यात बघत राहिलो. माझ्या डोळ्यांसमोर रोज काय घडत होतं? माझी आई ज्या खोलीत जाईल तिथं माऊ मागोमाग जायची. आई शेंगा फोडत बसली की तिच्या पाठीला पाठ लावून बसायची, तासतासभर. तोंड दुसरीकडे, पण पाठ आजीला टेकलेली. इतकं जवळ असणाऱ्या मुलीला मी स्वतःत बुडालेली म्हणत होतो.

पुढचे सहा महिने आठवले की आजही झोप लागत नाही.

मी कपाटाच्या दाराला आलेखाचा कागद लावला. दर पंधरा दिवसांनी ते चाळीस मुद्दे मीच रात्री भरायचो आणि बिंदू काढायचो. यादीतला पहिलाच मुद्दा नजरेचा. म्हणून मी माऊची हनुवटी धरून तिचं तोंड माझ्याकडे वळवायचो आणि "लुक ॲट मी" म्हणायचो. ती डोळे घट्ट मिटायची. मी धरून ठेवायचो. पुढे एका ऑक्युपेशनल थेरपिस्टनं हे पाहिलं. तिनं माझा हात अलगद बाजूला केला आणि म्हणाली, "सर, काही मुलांना बघणं आणि ऐकणं एकाच वेळी जमत नाही. ती दुसरीकडे बघते तेव्हा कदाचित तुमचं जास्त ऐकत असेल." तोवर माझा हात जवळ आला की माऊ खांदे आक्रसून घ्यायला लागली होती. ज्या हाताला धरून ती फ्रीजपाशी न्यायची, तोच हात.

मग कुणीतरी गव्हाचं आणि दुधाचं सांगितलं. ते बंद केलं की मुलं बोलायला लागतात म्हणे. माऊ तेव्हा चारच गोष्टी खायची: दूध-चपाती, फोडणी नसलेलं वरण-भात, केळं आणि एकाच आकाराचं बिस्किट. मी त्यातल्या दोन एका दिवसात बंद केल्या. तिसऱ्या दिवसापासून तिनं वरण-भातही सोडला. पाच आठवड्यांत तिचं वजन दीड किलोनं उतरलं. ते उघडकीला आलं अंगणवाडीत. त्याच ताईंनी काट्यावर बसवलं, कार्डावर ठिपका काढला आणि काही न बोलता कार्ड माझ्यापुढे धरलं. मी तिथंच त्यांची माफी मागितली, आहाराची आणि त्या दिवशीचीही. त्या म्हणाल्या, "आधी घरी जाऊन दूध-चपाती द्या तिला." त्या आहाराच्या बाजूनं भक्कम पुरावा नाही, हे मला आधीही शोधता आलं असतं. मी पुरावा शोधतच नव्हतो, आशा शोधत होतो.

मूलपेशींच्या उपचाराचं पत्रकही आणलं होतं. शिक्षकांच्या पतसंस्थेत कर्जाचा अर्ज भरला. जामीन राहायला सांगितलेल्या विज्ञानाच्या सरांनी सही करण्याआधी विचारलं, हे कुठल्या चाचणीत सिद्ध झालंय? मी चिडून अर्ज ओढून घेतला. पण प्रश्न डोक्यात राहिला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचना काढून वाचल्या. रक्ताचे आणि तत्सम मोजके आजार सोडले तर संमत चाचणीबाहेर हा उपचार करू नये, असं त्यात सरळ लिहिलेलं आहे. पैसे वाचले ते माझ्या शहाणपणानं नाही, दुसऱ्याच्या एका प्रश्नानं.

या सगळ्यांहून मोठी चूक मात्र मी घरातल्या घरात केली. तिला एक पैसाही लागला नाही.

स्पीच थेरपीच्या एका ठिकाणी सल्ला मिळाला की मुलीशी एकच भाषा बोला, दोन भाषांनी गोंधळ होतो. कोणती, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. निवड माझी. चित्रांची कार्डं इंग्रजी, मोबाइलवरचे कार्यक्रम इंग्रजी, पुढची शाळा इंग्रजी. म्हणून मी इंग्रजी ठरवली. मी, आयुष्यभर मराठी माध्यमात शिकवणारा माणूस. पत्नीला म्हटलं, आजपासून माऊशी मराठी बंद. आईला म्हटलं, "आई, तू तिच्याशी बोलू नकोस काही दिवस. डॉक्टरांनी सांगितलंय." हेही पुरतं खरं नव्हतं.

आईनं मान हलवली. तिची इंग्रजी "बस", "टीव्ही"पुरती. तोवर आमच्या घरात सकाळी उठल्यापासून तिचा आवाज असायचा. दळताना म्हणायच्या ओव्या ती जात्याविना भाजी निवडताना म्हणायची, माऊला आंघोळ घालताना प्रत्येक अवयवाचं नाव घेऊन पाणी ओतायची. तो आवाज थांबला. माऊ पाठीला पाठ लावून बसायची, पण आता पाठीमागे शांतता असायची. आम्ही दोघं नवराबायको परक्या भाषेत तोडके शब्द बोलायचो. "माऊ, सिट." "माऊ, ईट." ज्या भाषेत मला लाड करता येत नाहीत, रागावता येत नाही, गोष्ट सांगता येत नाही, त्या भाषेत मी तीन वर्षांच्या लेकीशी बोलत होतो. चार महिन्यांत ती वीसेक कार्डांची नावं म्हणायला शिकली. ॲपल, बॉल, काऊ. आलेखाचा बिंदू खाली आला. तहान लागली तर मात्र अजूनही माठापाशी उभी राहून रडायची.

आणि ती एक मराठी वाक्य म्हणायची. पूर्ण, स्पष्ट, बाईच्या ध्वनिफितीतल्या आवाजाची नक्कल करत: "रहिमतपूरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक सातवर लागली आहे." कधीही, कुठेही, थेरपीच्या मधे, जेवताना, रात्री. ऐकलेलं जसंच्या तसं म्हणत राहणं हा मोजपट्टीतला एक मुद्दा. त्याला गुण पडतात, म्हणजे माझा बिंदू वर जातो. म्हणून मी ते बंद करायला लागलो. ती वाक्य सुरू करायची, मी ओठांवर बोट ठेवून "नो, माऊ. क्वायट" म्हणायचो. पोपटपंची आहे, अर्थ काही नाही, असं मी पत्नीला समजावलं होतं.

ऑगस्टमध्ये भाचीचं लग्न होतं. कार्यालयात बँड आत आणला आणि स्पीकरही लावला. माऊ टेबलाखाली गेली. तिथून आवाज यायला लागला, रहिमतपूरकडे जाणारी गाडी. मी वाकून म्हटलं, "नो." तिनं आणखी मोठ्यानं म्हटलं. पाहुणे बघायला लागले. मी तिचं तोंड हातानं दाबलं. हे लिहिताना हात थांबतो आहे, पण दाबलं. मग तिनं स्वतःच्या मनगटाला चावा घेतला, रक्त येईस्तोवर.

आई पंगतीतून उष्ट्या हातानं उठून आली. खाली बसली आणि चार महिन्यांनी पहिल्यांदा नातीशी बोलली. "चल माऊ. गाडी लागलीया." माऊ टेबलाखालून बाहेर आली, आजीचा पदर धरला आणि दोघी मागच्या दारानं बाहेर गेल्या. पाच मिनिटांनी मी गेलो तेव्हा दोघी पायरीवर बसल्या होत्या, पाठीला पाठ लावून. माऊ शांत होती.

मी आईला विचारलं, तुला कसं कळलं?

"आरं, ती निघायचं म्हंतीया. गावाकडं जाताना स्टँडवर लई गलका असायचा. ही कानं दाबून रडायची. मग ती बाई पुकारायची, गाडी लागली म्हनून. आम्ही आत जाऊन खिडकीत बसलो की हिचं रडं बंद व्हायचं. तवापासनं कुठं नको वाटलं की तेच म्हंती."

"मग मला सांगायचं नाहीस?"

"तू म्हनलास, डाक्टरनी सांगितलंय बोलायचं न्हाई. म्या कोन शानी?"

त्या रात्री मी आठवून आठवून कागदावर लिहिलं, माऊनं ते वाक्य कधी कधी म्हटलं होतं. थेरपीत चाळीस मिनिटं झाल्यावर. मिक्सर लावल्यावर. दाढीवाल्या शेजाऱ्यांनी गालगुच्चा घेतल्यावर. मी हनुवटी धरलेली असताना, कितीतरी वेळा. ती मला सांगत होती, बाबा, इथून जाऊ या. व्याकरणशुद्ध मराठीत सांगत होती. आणि मी तिच्या आयुष्यातलं पहिलं पूर्ण वाक्य गुण कमी करण्यासाठी पुसत होतो.

कॅनरनं १९४६ साली याच गोष्टीवर एक लेख लिहिला होता. त्यात एका मुलाची हकीकत आहे. तो दोन वर्षांचा असताना आई त्याला एक बडबडगीत म्हणून दाखवत होती आणि तिच्या हातून पातेलं पडलं. त्या दिवसापासून पातेल्यासारखं काहीही दिसलं की तो त्या गाण्यातले शब्द म्हणायचा. ऐकणाऱ्याला ते असंबद्ध वाटे. त्या दिवशी स्वयंपाकघरात जो होता त्यालाच अर्थ कळे. पुढे १९८०च्या दशकात बॅरी प्रिझंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की अशा उसन्या वाक्यांनी मुलं मागतात, नाकारतात, स्वतःला धीर देतात. भाषेबद्दलही वाचलं. माँट्रियलमध्ये २०१२ साली झालेल्या अभ्यासात दोन भाषांच्या घरांतल्या स्वमग्न मुलांचं बोलणं एका भाषेच्या घरांतल्या मुलांपेक्षा जास्त लांबलेलं आढळलं नव्हतं. म्हणजे माझ्या घरातली शांतता विनाकारण होती. आम्ही रहिमतपूरच्या गाडीत बसलेलो नव्हतो, आई बसली होती. अर्थ तिच्यापाशी होता आणि मी तिलाच गप्प केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईच्या पाया पडलो. ती म्हणाली, "उठ, पोरीचं पानी तापलंय." आणि न्हाणीघरातून तिचा आवाज यायला लागला.

कपाटावरचा कागद पत्नीनं काढला. मी थांबवलं नाही. दिव्यांगत्वाचा दाखला काढायचंही मी शिक्का बसेल म्हणून टाळत होतो, ते काम तिनं रजा टाकून पुरं केलं. २०१६च्या कायद्यात एकवीस दिव्यांगत्वांमध्ये स्वमग्नता आहे. त्या दाखल्यामुळे सवलती आणि शाळेत मदत मागायचा हक्क मिळतो. यात मुलीचं नुकसान होतं आहे असं मला का वाटत होतं, याचं उत्तर देताना आजही मला लाज वाटते: नुकसान होणार होतं ते माझ्या प्रतिष्ठेचं.

थेरपी चालू आहे. नव्या स्पीच थेरपिस्ट मराठीत बोलतात आणि आईला आत बसवून घेतात. माऊकडे चित्रांची एक वही आहे. पाण्याचं चित्र ती काढून आमच्या हातात देते. माठापाशी रडणं थांबलं. कुकर लावायच्या आधी आम्ही तिला सांगतो आणि ती गच्चीत जाते. पाच वर्षं पुरी झाली. अजून ती बोट क्वचितच करते. अनोळखी घरात दहा मिनिटांवर थांबत नाही. चालू महिन्यात तीन वेळा डोकं भिंतीवर आपटलं, कारण कळलं नाही. रात्री झोप कमी आहे, तिची आणि आमचीही. मी अजूनही कधी कधी तिच्या वयाच्या मुलींकडे बघताना मोजायला लागतो. माझ्या लक्षात येतं तेव्हा थांबतो. दर वेळी लक्षात येतंच असं नाही.

गेल्या जानेवारीत आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. आई आणि माऊ बघायला आल्या होत्या, मागच्या रांगेत, माऊच्या कानांवर आवाज अडवणारे हेडफोन लावून. मी स्टेजशेजारी कार्यक्रमांची यादी घेऊन उभा होतो. तिसरं नृत्य सुरू झालं तेव्हा माझ्या मनगटावर हात आला. माऊ एकटी, सगळ्या खुर्च्यांमधून वाट काढत आली होती. माझ्या तोंडाकडे न बघता, घड्याळाकडे बघत तिनं म्हटलं, "घराकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक सातवर लागली आहे."

रहिमतपूर नाही. घराकडे. ध्वनिफितीतल्या बाईच्या वाक्यातला पहिला शब्द तिनं काढून टाकला होता आणि स्वतःचा घातला होता.

मी यादी शेजारच्या सरांच्या हातात दिली. "लागली का?" मी विचारलं. "चला."